आई-बाबा, मुलं आणि मित्रमंडळी घेऊन बार्सिलोना कसं फिरायचं, स्टेप बाय स्टेप

आम्ही नऊ जण होतो. मी, नवरा, आमची दोन पोरं (मुलगी तेरा, मुलगा आठ), माझे आई-बाबा, माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा आणि त्यांचं पाच वर्षांचं शेपूट. मे महिन्याच्या शेवटी, सहा रात्री. परत आल्यापासून ओळखीतल्या चार घरांना तेच तेच व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं टाईप करून टाकतेय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. एका दिवसाला एकच वेळ ठरलेलं तिकीट काढायचं, आणि "सगळ्यांनी सगळं एकत्र बघायचं" हा हट्ट पुण्यातच सोडून यायचा. दिवसातून एक मोठी गोष्ट नऊ जणांनी मिळून बघायची, उरलेल्या वेळात ज्याला जिकडे जायचंय त्यानं तिकडे. आम्ही हे दुसऱ्या दिवशी शिकलो, तेसुद्धा भर रस्त्यात आईनं "मला नाही बघायचं आता काही" म्हणत बाकावर बसकण मारली तेव्हा.

तारखा आणि व्हिसा

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला समुद्रकाठचा दमट उकाडा असतो, मुंबईकरांना सवय असेल पण सुट्टी काढून, पैसे खर्चून तोच घाम कशाला. मे अखेरीला सूर्य रात्री सव्वानऊच्या आसपास मावळतो म्हणजे दिवस भरपूर मोठा मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि मग अंधार एकदम लवकर पडतो.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना नाही (व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा). ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. दोन कुटुंबं एकत्र जाणार असाल तर अपॉइंटमेंट एकाच आठवड्यात घ्या, नाहीतर एका घराचे पासपोर्ट आलेले आणि दुसऱ्याचे अडकलेले अशा अवस्थेत विमानाची तिकिटं काढायची की नाही यावर जी भांडणं होतात ना, ती मी बघितलीयत.

राहायचं कुठे

एशाम्प्ला. डोळे झाकून. हा शहराचा चौकटी-चौकटीचा भाग, इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनिअरनं १८५९ मध्ये आखलेला, प्रत्येक चौकातल्या इमारतींचे कोपरे तिरके कापलेत त्यामुळे चौक मोकळे वाटतात आणि फुटपाथ रुंद आहेत. आईबाबांना चालायला सपाट, मुलांना बोळात हरवायची भीती नाही, मेट्रो कुठूनही पाच-सात मिनिटांत. जुन्या गॉथिक भागातली घरं फोटोत फार सुंदर दिसतात पण बऱ्याच जुन्या इमारतींना लिफ्ट नसते आणि रात्री गल्लीतला दंगा खिडकीतून सरळ उशाशी येतो.

नऊ जणांना अपार्टमेंट हवंसं वाटतं, किचन मिळतं म्हणून. घ्या, पण लायसन्स नंबर असलेलंच घ्या. शहरातल्या लोकांना ही टुरिस्ट घरं नको झालीयत, भाडी परवडेनात म्हणून, आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत सगळी लायसन्स बंद करायची असं महापालिकेनं जाहीर केलंय. हॉटेल असो की घर, माणशी दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नसतो. घर घेतलंत तर रात्री दहानंतर जिन्यात आवाज नको हे पोरांना आधीच बजावून ठेवा.

तिकिटं

सग्रादा फामिलिया (गाउदी नावाच्या आर्किटेक्टचं प्रसिद्ध चर्च) आणि पार्क ग्वेल (त्याचीच बाग) ही दोन तिकिटं विमानाची तिकिटं झाली की लगेच दुसऱ्या नंबरला काढायची. दोन्हीकडे वेळेचे स्लॉट असतात. नऊ जणांचा एकच स्लॉट ऐनवेळी मिळत नाही, दोघांचा मिळेल. मग अर्धे साडेदहाला आणि अर्धे दीडला असा खेळ होतो.

आणि इथं माझी चूक ऐका. सग्रादाला ११ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे, म्हणून मी त्यांची तिकिटंच काढली नाहीत. फुकट म्हणजे शून्य युरोचं तिकीट, पण तिकीट लागतंच! आदल्या रात्री मैत्रिणीनं सहज विचारलं "पोरांचे क्यूआर कुठेत" आणि माझ्या पोटात गोळा. नशिबानं त्या स्लॉटला दोन जागा शिल्लक होत्या.

म्युझियमं सोमवारी बंद असतात, पिकासो म्युझियम आणि मोंजुइक टेकडीवरचं राष्ट्रीय कला संग्रहालय दोन्ही. त्यामुळे सोमवार गाउदीच्या वास्तूंना ठेवा. रविवारी बहुतेक दुकानं आणि सुपरमार्केटं बंद, बोकेरिया बाजारही बंद. दूध-दही-ब्रेड-फळं शनिवारी भरून ठेवा, आम्ही ठेवली नव्हती, रविवारी सकाळी बाबांचा चहा कोरा झाला आणि तो विषय अजून निघतो.

विमानतळावरून आणि मेट्रोची कार्डं

हा भाग नीट वाचा, इथं सगळे गोंधळतात.

एकट्या-दुकट्याला एरोबस (विमानतळाची बस) मस्त, साधारण ३५ मिनिटांत प्लासा काताल्युन्या या मधल्या चौकात सोडते. नऊ जण आणि अकरा बॅगा असतील तर सात सीटर टॅक्सी आणि एक साधी टॅक्सी, हिशोब फार वेगळा पडत नाही. टॅक्स्या काळ्या-पिवळ्या आहेत बरं का! बाहेर पडल्या पडल्या बाबांचा चेहरा असा खुलला, म्हणाले, दादरला उतरल्यासारखं वाटतंय.

शहरात फिरायला दोन कार्डं लक्षात ठेवायची. टी-काझ्वाल म्हणजे १० प्रवास, पण एकाच माणसाचं, एकाच फेरीत दोघांनी वापरायचं नाही. टी-फॅमिलिआर म्हणजे ८ प्रवास, ३० दिवस चालतं आणि कितीही जणांनी वाटून घ्या, एकानं टॅप करून आत जायचं आणि कार्ड मागच्याच्या हातात. आम्ही काय केलं, दिवसभर भटकणाऱ्या पाच जणांना एकेक टी-काझ्वाल, आणि आईबाबा, नातवंडं यांच्यासाठी टी-फॅमिलिआर, कारण ते दिवसाला दोनच फेऱ्या करणार होते. चार वर्षांखालच्या मुलाला फुकट. आमचं शेपूट पाचचं, त्यामुळे पूर्ण मेंबर.

एका टॅपवर सव्वा तासात मेट्रोतून बसमध्ये बदललं तरी तोच प्रवास धरतात. पण ही दोन्ही कार्डं विमानतळाच्या मेट्रो स्टेशनवर चालत नाहीत, तिथं वेगळं तिकीट लागतं.

गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर पसेज दे ग्रासिया स्टेशनवर लाईन ३ वरून लाईन २ किंवा ४ ला बदलू नका. नकाशावर एक ठिपका दिसतो, प्रत्यक्षात लांबच लांब भुयार आहे, संपतच नाही. बाबांनी अर्ध्यात थांबून विचारलं, हे कुठल्या देशात निघतं. त्यापेक्षा बस. एशाम्प्लातल्या बस सरळ रेषेत जातात, पायरी खाली असते, आणि खिडकीतून शहर दिसतं ते वेगळंच.

पहिला दिवस हलका ठेवा

उन्हाळ्यात आपल्यापेक्षा ते साडेतीन तास मागे. म्हणजे तिकडे रात्री आठ वाजता तुमचं शरीर म्हणतं साडेअकरा झाले, आणि पहाटे चारला टक्क जाग. याच्याशी भांडू नका, वापरा. सकाळी साडेसातला ला रांबलावर चालायला जा. दुपारनंतर हाच रस्ता गर्दीनं आणि खिसेकापूंनी भरतो, सकाळी मात्र झाडाखालून सव्वा किलोमीटर समुद्रापर्यंत रमतगमत जाता येतं. मध्ये पायाखाली जोआन मिरो या चित्रकाराचं १९७६ चं मोझेक आहे, लोक तुडवून पुढे जातात आणि त्यांना पत्ताही नसतो, पोरांना आधी शोधायला सांगा.

मग गॉथिक भाग. कॅथीड्रलच्या आतल्या अंगणात १३ पांढरी हंसबदकं पाळलीयत. सांता एउलालिया ही शहराची संत, तिला मारलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती म्हणून तेरा. माझी लेक तेराची, ती बराच वेळ त्या बदकांपाशी गप्प उभी होती, एरवी फोन सोडत नाही. तिथून दोन मिनिटांवर पारादीस नावाच्या बारक्या गल्लीत एका इमारतीच्या पोटात रोमन देवळाचे चार खांब उभे आहेत, ऑगस्टस बादशहाच्या देवळाचे, दोन हजार वर्षांचे. फुकट बघायला मिळतात. बाबांना अख्ख्या ट्रिपमधलं हे सगळ्यात जास्त आवडलं.

प्लासा सांत फेलिप नेरी हा छोटासा चौक पण बघा. चर्चच्या भिंतीवर खड्डेच खड्डे आहेत. ३० जानेवारी १९३८ ला स्पेनच्या यादवी युद्धात इथं बॉम्ब पडले, ४२ माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं. शेजारीच शाळा आहे आणि मधल्या सुट्टीत पोरं त्याच भिंतीवर बॉल मारत असतात.

दुपारी घरी. झोपा. संध्याकाळी ज्याला जायचं तो जाईल.

सग्रादा फामिलिया: वेळ कुठली घ्यायची

बांधकाम १८८२ ला सुरू झालं, १८८३ ला गाउदीनं हातात घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. १९२६ च्या जूनमध्ये त्याला ट्रामनं उडवलं, कपडे इतके साधे की लोकांना भिकारीच वाटला, तीन दिवसांनी गेला. त्याची समाधी तिथंच तळघरात आहे. मधल्या मनोऱ्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर, मोंजुइक टेकडीपेक्षा जराशी कमीच, कारण माणसाचं काम देवाच्या कामापेक्षा उंच जाऊ नये असं त्याचं म्हणणं. २०२५ मध्ये ते जगातलं सगळ्यात उंच चर्च झालं.

आता वेळ. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी गेलात तर आत तळ्यात उतरल्यासारखं थंड वाटतं, संध्याकाळकडे गेलात तर सगळे खांब पेटल्यासारखे दिसतात. आम्ही मेमध्ये साडेचारचा स्लॉट घेतला आणि सहाच्या पुढेपर्यंत आतच होतो, ऊन खाली आलं तसा रंग भिंतीवरून जमिनीवर आणि मग माणसांच्या तोंडावर सरकत येतो. खांब वर जाऊन झाडासारखे फांद्या फोडतात. आई माझ्या कानात म्हणाली, देवराईत आल्यासारखं वाटतंय गं. मी घरी त्यावर एवढं वाचून गेले होते, एवढं बरोबर कोणी लिहिलं नव्हतं.

मनोऱ्याचं तिकीट वेगळं. वर लिफ्टनं नेतात पण खाली चालत यायचं, अरुंद गोल जिना, एका बाजूला नुसती पोकळी. सहा वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. म्हणजे आमच्यात आईबाबा नाही, शेपूट नाही, आणि शेपटापाशी एक मोठा माणूस नाही. पाच जण वर, चार जण खाली, आणि खालचे अजिबात हळहळले नाहीत कारण आत बसायला बाक आहेत. उंचीची भीती असेल तर पैसे घालवू नका, प्रामाणिकपणे सांगते वरून दिसतं त्यापेक्षा आतून बघितलेलं जास्त लक्षात राहतं.

मुलांना काहीतरी शोधायला द्या, नाहीतर वीस मिनिटांत "झालं का" सुरू होतं. पूर्वेच्या दारात दोन मोठ्या खांबांच्या तळाशी दोन कासवं आहेत, एक समुद्राचं, एक जमिनीवरचं. पश्चिमेच्या बाजूला आकड्यांचा एक चौकोन कोरलाय, चार बाय चार, आडवी उभी तिरकी कशीही बेरीज करा ३३ येते, येशूचं वय. माझ्या मुलीनं पाच मिनिटांत पकडलं की यात १२ आणि १६ नाहीतच, १० आणि १४ दोनदा आलेत, म्हणजे चीटिंग आहे. आठवीच्या गणिताचं सार्थक झालं.

ऑडिओ गाईड फोनवरच्या ॲपमध्ये असतो म्हणून प्रत्येकानं इअरफोन घ्या आणि फोन चार्ज. खांदे झाकलेले कपडे.

बाहेर पडून तिथल्याच एखाद्या महागड्या हॉटेलात घुसू नका. आविंगुडा गाउदी हा तिरका, गाड्या नसलेला रस्ता धरा, दहा मिनिटांत सांत पाऊ हॉस्पिटल येतं. दोमेनेक ई मोंतानेर नावाच्या आर्किटेक्टनं बांधलेलं, लाल विटा, रंगीत घुमट, बागा, आणि २००९ पर्यंत इथं खरोखर पेशंट असायचे. आत जायला तिकीट आहे, बाहेरून बघितलं तरी चालतं. वाटेत बाकं आहेत आणि आईस्क्रीम आहे, दोन्हीची गरज पडेल.

पार्क ग्वेल: चढ टाळायचा कसा

सकाळचा पहिला-दुसरा स्लॉट. सावली कमी आहे. हे खरं तर श्रीमंतांच्या बंगल्यांची कॉलनी व्हायची होती, साठ प्लॉट पाडले, दोनच घरं बांधली गेली, आणि मग १९२६ पासून सगळ्यांसाठी बाग झाली. फसलेली हाउसिंग स्कीम म्हणा. बाजारासाठी म्हणून ८६ खांबांचा मंडप बांधला, त्याच्या डोक्यावरचं मैदान म्हणजे ती फोटोतली नागमोडी बाकं. बाकांवर फुटक्या फरशा आणि बशांचे तुकडे बसवलेत, त्याला त्रेंकादीस म्हणतात. बसून बघा, पाठीला बरोबर बसतात.

जायचं कसं ते महत्त्वाचं. गुगलचं ऐकून लेसेप्स मेट्रोवरून चालत निघालात तर वीस मिनिटं चढ आहे, उन्हात. वायकार्का स्टेशनवरून रस्त्यावरच सरकते जिने आहेत पण मध्ये मध्ये साध्या पायऱ्याही येतात. आईबाबांना २४ नंबरच्या बसनं न्या, ती वरच्या बाजूच्या गेटजवळ सोडते, मग उतरत उतरत बघायचं आणि खालच्या दारानं बाहेर. म्हणजे ती प्रसिद्ध रंगीत पाल (लोक ड्रॅगन म्हणतात) शेवटी येते, पोरांना तेवढं आमिष राहतं. परतीला खालून टॅक्सी.

इथल्या ११६ नंबरच्या मिनीबसमध्ये टुरिस्ट इतके भरायला लागले की म्हाताऱ्यांना चढता येईना, शेवटी २०२४ मध्ये ती बस गुगल मॅप्सवरून काढून टाकली. तेव्हा ती दिसली तरी तिथल्या आज्यांना राहू द्या.

त्याच दिवशी संध्याकाळी पसेज दे ग्रासिया हा मोठा रस्ता. कासा बात्यो आणि कासा मिला ही गाउदीची दोन घरं, आत जायची तिकिटं चांगलीच महाग आहेत. नऊ जणांनी दोन्हीत जायची काही गरज नाही. आम्ही बाहेरून बघितली, अंधार पडल्यावर दिवे लागतात तेव्हा, आणि नवरा-मैत्रीण अशी हौशी जोडी दुसऱ्या दिवशी कासा बात्योत जाऊन आली. फुटपाथवरच्या षटकोनी फरश्या पण गाउदीच्याच डिझाइनच्या, त्यावर शंख, तारामासा, शेवाळ आहे. त्या फुकट.

खाणं

आमच्यात पाच जण शाकाहारी, त्यातले दोघं अंडंही नाही. जमतं, पण दोन गोष्टी पाठ करा. एक, तिथं "कार्ने" म्हणजे मांस असं म्हटलं तरी हॅम आणि मासा त्यात येत नाही असं अनेकांना मनापासून वाटतं. त्यामुळे "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" असं तिन्ही म्हणायचं. मिक्स सॅलड मागवलं की वर ट्यूना येतो, क्रोकेतात (तळलेल्या छोट्या रोलमध्ये) बहुतेक हॅम असतं.

दोन, बोंबा नावाचा पदार्थ बार्सेलोनेता या समुद्रकाठच्या भागात मिळतो, हुबेहूब बटाटेवडा दिसतो. बाबांचे डोळे लकाकले. आत खिमा असतो! वेळेत थांबवलं.

बिनधास्त खायचं ते: पा अंब तोमाकेत, म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. आईनं दुसऱ्या दिवशीपासून त्यावर घरून आणलेलं मेतकूट भुरभुरायला सुरुवात केली आणि खोटं का बोलू, सुंदर लागतं. पातातास ब्रावास म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे, भाजलेल्या मिरच्या-वांग्यांचं एस्कालिवादा, मनुका आणि चिलगोजे घातलेला पालक. अंडं चालत असेल तर तोर्तिया, ही मेक्सिकन पोळी नाही, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आहे. पोरांना चुरोस आणि चमचा उभा राहील असं चॉकलेट.

वेळेचं गणित जास्त अवघड. जेवण दुपारी एक ते चार, मग किचन बंद, रात्री साडेआठच्या आधी कोणी धड जेवायला देत नाही. आणि तेव्हा तुमचं शरीर मध्यरात्रीत असतं. म्हणून मोठं जेवण दुपारीच, वर्किंग डेला "मेनू देल दिया" घ्या, ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, गोड आणि पेय येतं. रात्री घरी मुगाची खिचडी. तांदूळ, डाळ, आटा, कोथिंबीर सगळं रावाल भागात मिळतं, तिथं पाकिस्तानी-बांगलादेशी दुकानांची रांगच आहे, हिंदीत बोलून घासाघीस पण होते.

बोकेरिया बाजार बघा पण खाऊ नका इतकंच म्हणेन, पुढच्या स्टॉलवरचे ज्यूसचे भाव टुरिस्टांचे आहेत. सांता कातेरिना बाजार त्यापेक्षा बरा, वर रंगीबेरंगी लाटांचं छप्पर आणि खाली खरोखरच्या घरच्या भाजीच्या पिशव्या.

टॉयलेट: सार्वजनिक फारच कमी. एक कॉफी घ्यायची आणि दोघांनी जाऊन यायचं हा नियम. प्लासा काताल्युन्यातल्या एल कोर्ते इंग्लेस या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॅफेटेरिया आहे, स्वच्छ, आणि खिडकीतून चौकाचा मस्त व्ह्यू.

चोर

मारामारी-चाकू असं वातावरण नाही, पण खिसा मारण्यात कलाकार आहेत. मैत्रिणीच्या नवऱ्याचा फोन मेट्रोत चढताना गेला. दारात एकजण मुद्दाम अडला, मागून दोघं रेटत आले, दार बंद व्हायच्या आत तिघेही बाहेर आणि फोनही. गडी ठाण्याचा, लोकलमध्ये आयुष्य गेलेलं, त्याला फोनपेक्षा याचंच दुःख जास्त.

तर: मागच्या खिशात काही नाही. सॅक पोटावर. टेबलावर फोन ठेवायचा नाही, खुर्चीला पर्स अडकवायची नाही. कपड्यावर काही घाण पडली म्हणून कोणी पुसायला आलं की बॅग घट्ट धरून पुढे चालायचं. पासपोर्ट घरी, जवळ झेरॉक्स. पोरांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी. चोरी झालीच तर पोलिसात तक्रार नोंदवा, तिला देनुन्सिया म्हणतात, तो कागद नसेल तर इन्शुरन्सवाले विचारत नाहीत. इमर्जन्सी नंबर ११२.

मोंजुइक

एक अख्खा सैल दिवस. पारालेल स्टेशनवरून फ्युनिक्युलर (चढावरची दोरानं ओढली जाणारी रेल्वे) वर जाते, मेट्रोच्याच तिकिटात. त्यापुढचा रोपवे वेगळ्या तिकिटाचा, किल्ल्यापर्यंत नेतो, पोरांसाठी घ्याच. किल्ल्यावरून एका बाजूला बंदरातले कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला अख्खं शहर दिसतं. खाली येताना १९९२ चं ऑलिंपिक स्टेडियम. बाबा म्हणाले त्या वर्षी आपण एकही मेडल न घेता परत आलो होतो. आठवणी काय असतात एकेकाच्या!

कला संग्रहालय शनिवारी दुपारी तीननंतर फुकट. डोंगरातल्या जुन्या चर्चच्या भिंतींवरची चित्रं सोलून आणून इथं पुन्हा तशाच कमानींवर बसवलीयत, मला वेड लागलं, मुलांना अकरा मिनिटं पुरली. मग मी आत, मुलं बाहेरच्या पायऱ्यांवर आजोबांबरोबर. बाहेरून शहराचा व्ह्यू असाही फुकटच. प्लासा एस्पान्याकडून येणार असाल तर वरपर्यंत सरकते जिने आहेत.

फुटायचा दिवस

एक दिवस मुद्दाम वेगळे व्हा. आमच्यातले चौघं मोन्सेरात डोंगरावर गेले, बाकीचे सिउतादेया बागेत आणि समुद्रावर.

मोन्सेरातला प्लासा एस्पान्यावरून आर ५ ट्रेन, साधारण तासभर. तिकीट काढताना मशीन विचारतं की वर दोरावरच्या केबल कारनं जायचं की दातेरी रुळांच्या छोट्या रेल्वेनं, दोघांची स्टेशनं वेगळी आहेत आणि एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. चक्कर येणारे लोक असतील तर रेल्वे. वर डोंगराच्या कुशीत मठ आहे, काळ्या मेरीची मूर्ती आहे, ला मोरेनेता म्हणतात तिला, दर्शनाची वेळ आधी बुक करावी लागते.

सिउतादेयात तळ्यात होड्या वल्हवायला मिळतात आणि दगडी मॅमथ आहे, त्याच्या सोंडेवर बसून फोटो काढायला पोरांची रांग. तिथून चालत बार्सेलोनेता. हा सगळा किनारा ऑलिंपिकच्या आधी कारखाने आणि रेल्वेच्या रुळांनी अडवलेला होता, शहरानं तो १९९२ साठी मोकळा केला. पाण्यात जाताना एकानं सामानापाशी बसायचं, हे काम आईनं घेतलं आणि शेजारच्या कॅटलान आजीशी खाणाखुणांनी दोन तास गप्पा मारल्या. काय बोललात विचारलं तर म्हणाली, सुनांबद्दल.

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर

२४ सप्टेंबरच्या आसपास ला मेर्से हा शहराचा उत्सव असतो आणि प्लासा सांत जाउमेत कास्टेल होतात, माणसांचे मनोरे. आम्ही मेमध्ये होतो म्हणून हुकलं आणि मला अजून हळहळ आहे, कारण हे बघायला दहीहंडीवाल्यांपेक्षा चांगला प्रेक्षक कुठला. खाली शेकडो माणसांचा घट्ट गराडा, त्याला पिन्या म्हणतात, वर नऊ-दहा थरांपर्यंत जातात, बाजूला ग्राया नावाची सनई वाजत असते. सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं पोर चढतं, हात वर करतं आणि उतरतं. हंडी नाही, लोणी नाही, बक्षीस लटकलेलं नाही. आणि नुसता थर लावून भागत नाही, सगळे पद्धतशीर खाली उतरले तरच मनोरा पूर्ण धरतात. युनेस्कोच्या यादीत २०१० पासून आहे. चौकात आधी पोचा, आईवडिलांना कडेला भिंतीपाशी उभं करा.

परत निघताना

टर्मिनल तपासा, टी १ की टी २. आर २ ट्रेन फक्त टी २ ला जाते, टी १ ला जायला तिथून फुकटची शटल बस पकडावी लागते आणि बॅगांसकट त्यात वीस मिनिटं सहज जातात. खरेदी केली असेल तर दुकानात पासपोर्ट दाखवून टॅक्स रिफंडचा फॉर्म घ्या, किमान रकमेची अट नाही, आणि विमानतळावर बॅगा चेक-इनला देण्याआधी दीवा नावाच्या मशीनवर तो स्कॅन करा. आमच्या बॅगा आधी गेल्या. बाबांनी त्या दिवशीसुद्धा चहाचाच विषय काढला.